सुट्टीवर आलेला माणूस

आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी टीव्ही आणि मोबाईल दोन्ही काही दिवस बंद सांगितलं, मग संध्याकाळी करायचं काय हा प्रश्न आला. पेपर वाचून दाखवला तर अर्ध्या तासात संपतो. म्हणून मी स्वतः त्यावेळी जे वाचत होते तेच त्यांना वाचून दाखवायला लागले. ते होतं एरिक मारिया रेमार्कचं ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट, पहिल्या महायुद्धातल्या जर्मन सैनिकांची कादंबरी, पुठ्ठा सुटत आलेलं जुनं इंग्रजी पुस्तक. मी हायस्कूलला इंग्रजी शिकवते त्यामुळे एक परिच्छेद मनात वाचायचा आणि तिथल्या तिथं आपल्या बोलीत सांगायचा हे मला जमतं, आणि आण्णा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून पेन्शनीवर आलेले, ७१ च्या लढाईला पूर्वेकडे होते, त्यामुळे जिथं मला एखादी गोष्ट कळायची नाही तिथं ते सांगायचे. कसला आवाज आला की आधी आडवं व्हायचं, कसला आवाज आला तर पळायला वेळ असतो, असलं सगळं.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं हे लिहिलं कुणी आणि इंग्रजीत आणलं कुणी. मी सांगितलं लिहिणारा जर्मन, स्वतः पहिल्या महायुद्धात जखमी झालेला, आणि इंग्रजीत आणणारा ए. डब्ल्यू. व्हीन म्हणून ऑस्ट्रेलियाचा सैनिक, त्याच युद्धात जर्मनांच्या विरुद्ध लढून मिलिटरी मेडल मिळवलेला, पुस्तक आलं १९२९ मध्ये आणि त्याच वर्षी त्यानं इंग्रजीत आणलं. आण्णा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "समोरच्या बाजूचा होता म्हणजे मग नीट लिहिलं असणार." मला हे वाक्य फार आवडलं. भाषांतर कसं असावं यावर मी बरंच काही वाचलंय पण एवढा विश्वास दाखवलेला कुणी बघितला नव्हता.

सुरुवातीचा भाग त्यांना घरचाच वाटला. कॅट नावाचा चाळिशीचा सैनिक आहे, मूळचा चांभार, कुठंही नेऊन सोडा, उजाड गावात पण हा माणूस पाव आणि मटण पैदा करून येतो. आण्णा म्हणाले असा एक प्रत्येक कंपनीत असतो, तो नसला तर लंगर असून उपाशी राहायची वेळ येते. मग केमेरिच नावाचा पोरगा मरायला टेकलेला असताना त्याचा सोबती म्युलरची नजर त्याच्या चांगल्या बुटांवर असते तो प्रसंग आला. मला तो वाचताना नेहमी कसंतरी होतं. आण्णांना काहीच वाटलं नाही, म्हणाले बूट चांगले असतील तर घ्यायलाच पाहिजेत, त्यात वाईट काय आहे, त्याच्याबद्दल माया नाही असं थोडंच आहे. रेमार्क पण तेच म्हणतो, फक्त त्याला समजवायला पानं लागतात कारण तो आपल्यासारख्या घरात बसलेल्यांना समजवतोय.

खरी गोष्ट सुरू झाली ती सुट्टीच्या प्रकरणापासून. ही गोष्ट सांगणारा तरुण सैनिक पॉल बॉयमर, त्याला सतरा दिवस मिळतात, त्यात चौदा दिवस सुट्टी आणि तीन प्रवासाचे. घरी पोचतो, बहीण वरून आईला हाक मारून सांगते पॉल आलाय, आणि हा जिन्यातच उभा राहतो, पाय उचलत नाही, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हातात रायफल. आई आजारी, तिनं त्याच्यासाठी बटाट्याच्या वड्यांसारखं काहीतरी आणि मुरांबा राखून ठेवलाय. ती विचारते तिकडं फार वाईट होतं का रे, आणि तो सांगतो नाही गं, फार काही नाही. मग त्याच्या खोलीत जुनी पुस्तकं आहेत, तो त्यांच्यासमोर बसतो, वाट बघतो की आतून पहिल्यासारखं काहीतरी उठेल, उठत नाही. गावातली मोठी माणसं बिअर पाजतात आणि त्यालाच युद्ध कसं जिंकायचं ते शिकवतात, एकाला तर सगळा बेल्जियम पाहिजे, वर फ्रान्समधल्या कोळशाच्या खाणी आणि रशियाचा तुकडा.

इथपर्यंत आई आत स्वयंपाकघरात वाटाणे सोलत होती. ती बाहेर येऊन दारात बसली आणि म्हणाली, "ह्यांचं पण असंच." आण्णा काही बोलले नाहीत.

आईनं मग जे सांगितलं ते मी आयुष्यभर बघत आले होते पण कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. आण्णा वर्षाची सुट्टी घेऊन यायचे. पुण्याहून झेलम एक्सप्रेसनं जायचे आणि तसेच यायचे, पुण्यातून एसटीनं सातारा, सातारा स्टँडवरून गावची गाडी, खांद्यावर होल्डॉल आणि काळी ट्रंक, ट्रंकेवर पांढऱ्या अक्षरात नंबर, रँक, नाव. पहिले चार दिवस सगळं गाव भेटायला. पारावर बसवायचे आणि विचारायचे पाकिस्तानला कधी संपवताय. घरात त्यांना कुठं काय ठेवलंय ते माहीत नसायचं. विळी, दोर, बियाणं, कुणाचे किती द्यायचेत, कुठला बांध कुणी कोरलाय, हे सगळं आईच्या आणि आजीच्या डोक्यात. ते बैलाला हात लावायला गेले की बैल बिथरायचा. आणि जरा कुठं ओळख पटायला लागली की परत ट्रंक भरायची, त्यात लाडू, शेंगदाण्याची चटणी, आणि मी आईच्या पदराआड. आई म्हणाली, "सुट्टीवर आलेला माणूस पाहुणाच असतो बाय. त्याला वाईट वाटू नये म्हणून घरानं दोन महिने नाटक करायचं, तू धनी हायस म्हणून."

मी पुस्तक मिटलं. आण्णांकडं बघायचं धाडस झालं नाही. थोड्या वेळानं तेच म्हणाले, "खरं आहे तिचं. पेन्शनीवर आल्यावर तर दोन महिन्यांवर भागत नव्हतं ना." आणि मग दोघं पहिल्यांदा माझ्यासमोर त्या वर्षांबद्दल बोलले, आण्णा घरी आल्यावर पहाटे साडेचारला उठून कुणाला काय करायचं ते सांगायचे आणि घर कसं त्यांच्याशिवाय चालायला शिकलेलं होतं, ते घर त्यांना आपल्यात कसं घ्यावं हे कुणालाच माहीत नव्हतं. मला ती वर्षं आठवतात, मी कॉलेजला होते, नुसती भांडणं आठवतात. तेव्हा मला वाटायचं आण्णा कडक आहेत म्हणून. ते जागा शोधत होते, घरातच.

रेमार्कच्या पुस्तकात एक कमी आहे असं आईचं म्हणणं आणि ते मला पटतं. पॉलची आई निघायच्या आदल्या रात्री अंधारात त्याच्या उशाशी येऊन बसते, लोकरीच्या दोन चड्ड्या देते, तो भाग वाचताना आई रडली, पण म्हणाली की तो गेल्यावर ती दुसऱ्या दिवशी काय करते ते कुठं लिहिलंय. नाही लिहिलेलं. पॉल निघतो आणि कादंबरी त्याच्याबरोबर निघून जाते. युद्धाच्या बहुतेक कादंबऱ्या अशाच जाणाऱ्याबरोबर जातात. मागं राहिलेल्याची कादंबरी म्हणजे माझी आई आणि सातारा तालुक्यातल्या, कोरेगावातल्या, खटाव-माणमधल्या हजारो बायका, ज्यांनी मनीऑर्डरीवर आणि आंतरदेशीय पत्रांवर घरं उभी केली.

पत्रांवरून सांगते. आण्णांच्या पत्त्यात नंबर, रँक, नाव, युनिट आणि खाली द्वारा ५६ एपीओ एवढंच असायचं. जागेचं नाव नाही, कारण ते सांगायचंच नसतं, सैन्याचं टपाल त्या एका आकड्यावर गोळा होऊन पुढं जिथं पलटण असेल तिथं जातं. लहानपणी माझ्या मनात ते एक गाव होतं, खूप बर्फ असलेलं. पुढं काही वर्षं आम्हाला फॅमिली क्वार्टर मिळाली, बेळगाव, मग जबलपूर, आणि आम्ही परत साताऱ्याला आलो तेव्हा माझ्या मराठीत निम्मं हिंदी होतं. वर्गात मला फौजीची पोर म्हणायचे. गावात कुणी विचारलं तू कुणाची तर आजोबांचं नाव सांगायचं, मग ओळख पटायची. शहरात विचारलं कुठली तर गावाचं नाव, जबलपुरात विचारलं तर सातारा. प्रत्येक ठिकाणी उत्तर वेगळं आणि प्रत्येक उत्तर बरोबर, पण कुठलंही उत्तर देताना मी ते पाठ केलेलं वाटायचं. आज सदरबझारात राहते त्याला बरीच वर्षं झाली, स्वतःचा फ्लॅट आहे, तरी साताऱ्याची आहेस का म्हटलं की आत एक क्षण थांबायला होतं. पॉलचं प्रकरण वाचताना मला लढाईची भीती नाही वाटली, त्या जिन्याची वाटली.

हे सगळं जर्मन माणसाच्या पुस्तकातून का कळावं, आपल्याकडं काय कमी फौजी आहेत का, असा प्रश्न माझ्या स्टाफरूममध्ये एका सरांनी विचारला आणि तो रास्त आहे. आमच्या जवळच अपशिंगे आहे, लोक मिलिटरी अपशिंगेच म्हणतात, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले, इंग्रजांनी तिथं स्मारक बांधलं, अजूनही घरटी माणूस सैन्यात. साताऱ्यात देशातलं पहिलं सैनिक स्कूल आहे, १९६१ चं. आपल्याकडं युद्धाबद्दल बोलायची एक रीत आहे, ती अभिमानाची आहे, कमानी, सत्कार, शाळेतली भाषणं, आणि तो अभिमान खोटा नाही, मी स्वतः त्यात वाढले आणि २६ जानेवारीला आण्णा मेडल लावून उभे राहतात तेव्हा माझा गळा भरून येतो. पण त्या रीतीत जिन्यात अडखळलेल्या माणसाला जागा नाही. आण्णांना कुणी मराठीत सरळ विचारलं असतं की तुम्हाला घरी आल्यावर परकं वाटायचं का, तर ते नाही म्हणाले असते, तो घरच्यांचा अपमान झाला असता. पॉल कुणाचाच नातेवाईक नाही. त्याच्याबद्दल बोलता येतं. लांबच्या भाषेतून आलेल्या पुस्तकानं एवढी मोकळीक दिली आणि आमच्या घराला ती पाहिजे होती.

रेमार्कचं पुढं काय झालं तेही मी त्यांना सांगितलं. १९३३ मध्ये नाझींनी ही कादंबरी चौकात जाळली, १९३८ मध्ये त्याचं जर्मन नागरिकत्व काढून घेतलं, तो देशाबाहेर होता म्हणून वाचला, पण मागं राहिलेल्या बहिणीला १९४३ मध्ये मारलं. आण्णा बराच वेळ अस्वस्थ होते. ज्या देशाकडून लढला त्यानंच असं करावं हे त्यांना आत कुठंतरी लागलं. "मग त्यानं गाव कुठलं सांगायचं?" एवढंच म्हणाले.

त्यानंतर मी व्हिएतनामच्या बाओ निन्हची द सॉरो ऑफ वॉर घेतली. हा लेखक उत्तर व्हिएतनामच्या बाजूनं लढला, त्याच्या तुकडीत ५०० जण होते त्यातले १० वाचले. कादंबरीतला किएन युद्ध संपल्यावर जंगलात जाऊन आपल्याच साथीदारांचे अवशेष गोळा करायच्या कामावर आहे, ट्रकमध्ये झोपतो आणि रात्रभर त्याला ते सगळे दिसतात. दुसऱ्याच दिवशी आण्णा उठून अंगणात गेले आणि तिथूनच म्हणाले दुसरं काहीतरी वाच. मी विचारलं नाही का ते. विचारायचं नसतं. उरलेली मी एकटीनं शाळेत ऑफ तासाला वाचली. हनोईला परतल्यावर किएनला शेजारची फुआँग भेटते जिच्यावर त्याचं पहिल्यापासून प्रेम, दोघं एकाच इमारतीत, भिंतीला भिंत, आणि तरी ते एकमेकांकडं पोचू शकत नाहीत. ही कादंबरी सरळ चालत नाही, मागं-पुढं होते, मध्येच तुटते, आणि मला वाटतं तिला तसंच असायला पाहिजे होतं. पण खरं सांगायचं तर मला त्यातली हनोई जास्त आठवते, जंगलापेक्षा. जिंकून आलेल्याला पण घर मिळत नाही हे मी दुसरीकडं इतकं स्पष्ट वाचलं नव्हतं.

मग घसान कनाफानी. पॅलेस्टाईनचा, जन्म १९३६ चा अक्कामधला, १९७२ मध्ये बैरुतमध्ये गाडीत बॉम्ब ठेवून त्याला मारलं. त्याची रिटर्निंग टू हैफा ही छोटी कादंबरी, मूळ अरबी १९६९ ची. यावेळी ऐकायला आई जास्त होती. सईद आणि सफिया १९४८ च्या एप्रिलमध्ये हैफातून बाहेर ढकलले जातात, गोळीबारात, गर्दीच्या लोंढ्यात, आणि पाच महिन्यांचं पोरगं, खलदून, घरातच राहतं. वीस वर्षांनी, १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर, वाट उघडते तेव्हा ते गाडी घेऊन आपल्याच घरासमोर येऊन बेल वाजवतात. दार उघडते मिरियम, पोलंडमधून आलेली, तिचे वडील आउशवित्झच्या नाझी छळछावणीत गेलेले. घरात बरंचसं सामान तेच. सईदला फुलदाणीतली मोराची पिसं दिसतात, सात होती, पाच आहेत. आणि संध्याकाळी खलदून येतो, तो आता डोव्ह आहे, अंगावर इस्रायली सैन्याचा युनिफॉर्म.

आई मोराच्या पिसांपाशी थांबली. परत सांग म्हणाली. मग म्हणाली, "निदान तिला बेल तरी वाजवता आली."

माझं आजोळ कोयनेच्या पाण्याखाली आहे. आई पाच-सहा वर्षांची असेल तेव्हा गाव उठलं, साठच्या सुमाराला. शिवसागर जलाशय पन्नासेक किलोमीटर लांब, १०५ टीएमसी पाणी, त्याच्यावर आज १,९६० मेगावॅट वीज होते, आणि खालच्या गावातली माणसं कुणी रायगडात, कुणी रत्नागिरीत, कुणी सांगलीकडं, कुणी सोलापूरकडं गेली. मामांचं घर सोलापूर जिल्ह्यात आहे, तिथं त्यांना अजून धरणग्रस्त म्हणून ओळखतात, तिसरी पिढी आली तरी. युद्ध आणि धरण एक नाही हे मला माहितीये, तिथं बंदूक होती इथं नोटीस आली, तिथं मूल राहिलं इथं सगळे जिवंत बाहेर आले, आणि कनाफानीच्या लोकांचं दुःख उचलून आपल्या अंगावर घ्यायचा मला काही हक्क नाही. पण ऐकणारा आपल्याकडं जे आहे तेच घेऊन ऐकतो. आईकडं ते घर होतं, ओट्याला लागून फणस, मागं जनावरांचा गोठा. उन्हाळ्यात पाणी खूप उतरलं की जुन्या देवळांचे चौथरे उघडे पडतात, लोक होडीनं जातात, आई एकदा गेली होती, तिला घराची जागा सापडली नाही. म्हणून तिला मिरियमचा राग नाही आला, मला आला होता. आई म्हणाली, "कुणीतरी राहतंय, दिवा लावतंय, पिसं बघतंय. आमच्याकडं गाळ हाय."

सईदला शेवटी वाटतं की घर म्हणजे ही खुर्ची आणि हा फोटो नाही, ते पुढं काय करणार यात आहे. मला ते वाचताना एकदम पटलं होतं. आईला नाही पटलं. ती म्हणाली हे पुरुषाचं बोलणं झालं, खुर्ची पण पाहिजे. आणि आण्णा, जे तोवर डोळ्यावर हिरवा चष्मा लावून पडून होते, ते म्हणाले की सफियाला कुणी विचारलंच नाही तिला काय वाटतं ते, सगळं सईदच बोलतोय. हे आण्णा म्हणाले. मी बघतच राहिले.

या बोलण्यातूनच पणजोबांचा विषय निघाला. आण्णांचे आजोबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेले आणि आले नाहीत, एवढंच घरात माहीत आहे. मेसोपोटेमिया, म्हणजे आत्ताचा इराक. तिकडं गेलेल्या सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या, त्या कुत या गावी तुर्कांच्या वेढ्यात डिसेंबर १९१५ पासून अडकल्या, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली, आणि कैद झालेल्यांपैकी कितीतरी जण वाळवंटातून चालवत नेताना मेले. पणजोबा त्यात होते की दुसरीकडं कुठं हे कुणाला सांगता आलं नाही. मेल्याची तिथी माहीत नाही म्हणून माझे आजोबा त्यांचं सर्वपित्रीला करायचे, आण्णाही तेच करतात. मी शोधलं तेव्हा कळलं की बसऱ्याला १९२९ मध्ये स्मारक उभारलं, बरोबर रेमार्कच्या पुस्तकाच्या वर्षी, ४०,००० हून जास्त लोकांचं, ज्यांना कबर नाही. ब्रिटिशांची नावं कोरली, आपल्या अधिकाऱ्यांची पण कोरली, आणि साध्या हिंदी शिपायांची फक्त संख्या. पलटणीचं नाव आणि एवढे जण. १९९७ मध्ये ते अख्खं स्मारकच उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेऊन बसवलं.

मी हे वाचून दाखवलं तेव्हा चिडलेलीच होते. आण्णा शांत होते. त्यांना त्यांचा आर्मी नंबर अजून झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो, ते म्हणाले पणजोबांना पण नंबर असणार, नंबर मिळाला की माणूस मिळतो, पलटण कुठली ते कळतं, मग कुठं होता ते कळतं. आता डोळा बरा आहे. राष्ट्रकुल युद्ध कबर आयोगाच्या वेबसाईटवर नावं शोधता येतात, काही नावांपुढं बापाचं नाव आणि गाव पण असतं, तिथं आमच्या पणजोबांच्या नावाचे एकाहून जास्त निघाले, सातारा जिल्ह्यातलेच. आण्णांनी वहीत सगळे उतरवून घेतलेत, स्वतःच्या हातानं, मोठ्या अक्षरात, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारून आलेत, आणि दिवाळीनंतर बेळगावला रेजिमेंटल सेंटरला जाऊन विचारायचं ठरलंय. आई पण येणार म्हणते. तिला बेळगावात आम्ही राहायचो ती क्वार्टर बघायची आहे, आता तिथं कोण राहत असतील त्यांच्यासाठी कंदी पेढे घ्यायचे म्हणते, आणि आत येऊ का म्हणून तीच विचारणार आहे, आम्ही कुणी मध्ये बोलायचं नाही.